वरचं काही नको

“रडणाऱ्या लेकराची मला फिकीर न्हाई बघ. लई शांत राहायला लागलं, निस्तं झोपूनच राहिलं, की समजायचं काहीतरी हाय. मग फोनबिन करत बसू नको, सरळ वजन करायचं,” असं सिंधु सिस्टर लातूरच्या दवाखान्यातून निघताना म्हणाल्या होत्या. उजमानं मान हलवली होती, पण ती केवळ खाली नवऱ्यानं, यासेरनं, गाडी लावून ठेवली होती आणि मागचे हॉर्न वाजवत होते म्हणून. तिनं सगळं वाचलेलं होतं. मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. झालेल्या, दोन वर्षं ज्युनिअर कॉलेजात शिकवलेल्या बाईला बाळ कसं सांभाळायचं हे दवाखान्याच्या दारात उभं राहून कुणी सांगावं, याची तिला थोडी गंमतच वाटली होती. मोबाइलमध्ये अॅप होतं. डावीकडं किती मिनिटं, उजवीकडं किती, लंगोट किती ओले, सगळं त्यात भरायचं. शिवाय एक वही होती, कारण मोबाइलवर तिचा पुरता भरवसा नव्हता. वहीच्या पहिल्या पानावर तिनं सातव्या महिन्यातच लिहून ठेवलं होतं: सहा महिने फक्त आईचं दूध. पाणी नको, मध नको, घुटी नको, वरचं काही नको. खाली दोन रेघा. दहावीत असताना लातूरच्या शिकवणीत टेस्ट सिरीजच्या वहीवर ती अशाच दोन रेघा ओढायची, आणि रेघा ओढल्या की पेपर अर्धा सोडवून झाल्यासारखा वाटायचा.

पाचव्या दिवशी ते नांदेडला आले. पहिलं बाळंतपण माहेरी, चाळीस दिवस माहेरी, ही रीत तिलाही हवीच होती. पण माहेरी करणारं कुणी उरलं नव्हतं. आई जाऊन तीन वर्षं झालेली, घरात अब्बा आणि भाऊ, दोघांना मिळून धड खिचडी येत नव्हती. म्हणून बाळंत होण्यापुरतं लातूर, पुढचं सगळं नांदेड. सासरचं घर जुन्या वस्तीत, खाली सासऱ्यांचं, खाजामियाँचं, गादीचं दुकान आणि वर तीन खोल्या. नोव्हेंबर लागला होता, थंडीचे आणि लग्नांचे दिवस म्हणजे त्यांच्या धंद्याचे दिवस. सकाळी नऊला पिंजण्याचं यंत्र सुरू व्हायचं आणि वरच्या फरशीला बारीक कंप सुटायचा. पलंगाच्या पायातून तो वर चढायचा, तिच्या टाक्यांपर्यंत यायचा. जिन्यातून कापसाचे तंतू तरंगत यायचे आणि बसायचे, माठावर, पातेल्याच्या झाकणावर, बाळाच्या, रय्यानच्या, पापण्यांवर. एवढ्या आवाजात तो झोपायचा. बघायला येणारी प्रत्येक बाई म्हणायची, “कसं गुणाचं लेकरू! आमच्यानं तर नाकी नऊ आणले होते.” उजमाला ते ऐकून बरं वाटायचं, कुणीतरी तिचीच पाठ थोपटतंय असं वाटायचं. घरात दखनी बोलली जायची, हौ आणि नक्कोची. पण उजमा आधी निलंग्याला आणि मग लातूरला मराठी शाळेत शिकलेली, त्यामुळं कानावर पडलेलं सगळं तिच्या डोक्यात मराठीतच उतरायचं, रागसुद्धा आणि भीतीसुद्धा. तेव्हा इथं त्या घरातलं जे बोलणं येईल, ते तिच्या डोक्यात उतरल्यानंतरचं आहे असं धरून चालावं.

आणि भीती उतरत होती. सातव्या दिवशी लंगोट सहाचे चार झाले, आठव्या दिवशी तीन. तिनं वहीत लिहिलं आणि शेजारी कंसात लिहिलं, ‘थंडी’. थंडीत बाळ घाम गाळत नाही, म्हणजे उलट लंगोट वाढायला हवेत, हे एम.एस्सी. झालेल्या डोक्याला कळत होतं. पण त्याच डोक्यात दुसरं एक डोकं तयार झालं होतं, ते म्हणत होतं, डावीकडं वीस मिनिटं, उजवीकडं पंचवीस, एवढा पेपर लिहिला तर मार्क पडणारच. रय्यान छातीला लागायचा, दोन-तीन ओढी घ्यायचा आणि तोंडात धरूनच झोपायचा. ती घड्याळाकडं बघत बसायची. ऑनलाइन मागवलेला पंप होता. तो लावला की बाटलीच्या तळाशी थेंब जमायचे, वीस मिली, मग पंधरा, मग काचेला नुसता ओलावा. तिला वर्गातला तो शनिवार आठवायचा. सूचनाफलकाला यादी लागलेली, शंभरात साडेनव्याण्णव, आणि सरांनी तिला पुढं बोलावून विचारलेलं, “अर्धा कुठं ठेवून आलीस?” पोरं हसली होती. ती घरी येऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली होती, आणि आई, जिला अर्धा मार्क म्हणजे काय ते नीट ठाऊक नव्हतं, केसातून हात फिरवत म्हणाली होती, “मग जेव आता. अर्धी भाकर जास्त खा.” आई असती तर आत्ता काय म्हणाली असती? हेच म्हणाली असती. जेव म्हणाली असती, पाणी पी म्हणाली असती. इथं सासूबाई, शहजादी अम्मी, हरीरा करून घालत होत्या, मेथीचे लाडू करून घालत होत्या, सगळं मायेनं. पण पाण्याला हात लावू देत नव्हत्या. बाळंतिणीनं पाणी प्यायलं की पोट सुटतं, म्हणून ओव्याचं उकळलेलं पाणी, तेही दिवसातून दोन पेले. उजमाची जीभ टाळ्याला चिकटायची. ती बोलली असती तर मिळालं असतं. पण बाळाला घेऊन सासरी आल्यावर तीनचार दिवसांतच पाण्यावरून बोलायचं, हे तिला कसंसंच वाटलं. आणि खरं सांगायचं तर तिला प्रत्येक गोष्टीत चांगली सून म्हणूनही पैकीच्या पैकी हवे होते.

पलीकडच्या खोलीत हुस्ना होती. हुस्ना म्हणजे यासेरच्या थोरल्या भावाची, मुज्तबाची बायको. मुज्तबा म्हणजे घरातला हसणारा माणूस. गाद्या पोचवायला टेम्पो घेऊन जायचा आणि येताना कुणासाठी काहीतरी आणायचाच, अगदीच काही नाही तर रस्त्यातली एखादी बातमी. मे महिन्यात देगलूरच्या रस्त्यावर टेम्पो उलटला. हुस्ना तेव्हा सात महिन्यांची गरोदर. जुलैत सिदरा झाली. उजमाला त्या दिवसांतलं एवढंच लख्ख आठवायचं की मय्यतीला आलेल्या बाया रडत होत्या आणि हुस्ना स्वयंपाकघरात उभी राहून सगळ्यांना पुरेल का म्हणून पेले मोजत होती. आता सिदरा चार महिन्यांची होती, गोल, ओरडणारी, दूध पिताना नाकातून शिट्टी वाजवणारी. हुस्नाला दूध एवढं की सिदरा एका बाजूला प्यायला लागली की दुसरी बाजू आपोआप वाहायची, ती ओढणीचा बोळा करून दाबून धरायची. दिवसभर तिच्या अंगाला तो गोडसर, किंचित आंबूस वास. उजमा तो वास आला की तोंड फिरवायची. तिला त्याची लाज वाटायची, आपल्या तोंड फिरवण्याची. पण मान आपोआप फिरायची.

आठव्या दिवशी दुपारी हुस्ना स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन बसली, सिदराला खांद्यावर टाकून. उजमाच्या मांडीवर रय्यान निजलेला, तोंड अर्धवट उघडं.

“किती झोपतो गं! ओठ बघ कसे सुकलेत. दे इकडं, मी पाजते थोडं. मला तसंही सांडून टाकावं लागतं.”

“नको,” उजमा म्हणाली. तिला वाटलं त्यापेक्षा आवाज मोठा आला. “त्याला माझंच. दुसरं कुणाचं नाही.”

चुलीपाशी अम्मी होत्या. त्यांच्या हातातला चमचा थांबला. त्या उठल्या, हात पदराला पुसले, उजमाजवळ आल्या आणि तिच्या कपाळाचा मुका घेतला. डोळे भरलेले. डब्यातून खडीसाखरेचा खडा काढून त्यांनी तिच्या तोंडात घातला. “माझी बात राखलीस गं बेटा. शिकलेली पोरगी, राखते की नाही असं वाटायचं मला. राखलीस.” हुस्ना मान खाली घालून सिदराच्या पाठीवरून हात फिरवत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झाल्यासारखं दिसलं, लांबच्या गाडीत जागा मिळालेल्या माणसाला होतं तसं. उजमाला काही कळलं नाही. खडीसाखर दाढेखाली फुटली.

संध्याकाळी यासेर ऑफिसातून आल्यावर तिनं विचारलं तेव्हा तो बुटाची लेस सोडता सोडता थांबला. “तुला ठाऊक नाही? तूच होतीस की तिथं.” हो, होती. सिदरा जन्मली त्या आठवड्यात अम्मींनी आपली चांदीची अंगठी काळ्या दोऱ्यात ओवून तिच्या मनगटाला बांधली होती आणि उजमाच्या पोटाकडं बघून म्हणाल्या होत्या, “इथं पोरगा असला तर ही त्याची. माझ्या मुज्तबाची लेक माझ्याच घरात राहील.” बाया आमीन म्हणाल्या होत्या. उजमा पाच महिन्यांची होती, मळमळत होतं, आणि एकविसाव्या शतकात हे काय, असं मनात म्हणून तिनं तो विषय तिथंच सोडून दिला होता. “आणि एका आईचं दूध प्यायले की दोघं बहीण-भाऊ,” यासेर म्हणाला. “सख्ख्यांसारखे. लग्न होत नाही मग. एक घोट गेला तरी. वाटीत काढून दिलं तरी.” तो हसला. “म्हणजे तू आज होकार दिलास, मॅडम.”

तिनं तेव्हाच सांगायला हवं होतं. उठून अम्मींपुढं जायला हवं होतं आणि म्हणायला हवं होतं, अम्मी, मी लग्नाचं काही बोलले नाही, मला ते मान्यही नाही, मी फक्त माझ्या दुधाचं बोलले. तिनं नाही सांगितलं. भिडेपोटी सांगितलं नाही, असं म्हणून चालणार नाही. उजमा स्वतःशी तरी खोटं बोलत नाही. ती गप्प राहिली कारण ती समजूत तिच्या सोयीची होती. आता हुस्ना पुन्हा विचारणार नव्हती. अम्मी विचारू देणार नव्हत्या. ज्या सोयरिकीवर तिचा काडीचा विश्वास नव्हता, तिच्याआड ती आपली कोरडी बाटली घेऊन बसली. अम्मींनी पावडरीचा डबा आणला तोही तिनं उघडू न देता फळीवर ठेवून दिला, आणि अम्मी उलट कौतुकानं सगळ्यांना सांगत राहिल्या, सून कशी पक्की आहे. नववा दिवस गेला, दहावा गेला. रय्यान गुणाचा होत गेला. रडायचा ते मांजराच्या पिल्लासारखं, एकदाच, मग पुन्हा झोप. टाळूवर बोट ठेवलं की तिथं बशीसारखा खोलगटपणा लागायचा. ती बोट काढून घ्यायची. पाजताना त्याचा कान दिसायचा, पातळ, उजेड आरपार जाईल असा. आपण याच्याकडं बघतोय, एकसारखं बघतोय, एवढं कुणी बघत नसेल, असं तिला वाटायचं; आणि त्याच वेळी बघण्याचा आणि दिसण्याचा काही संबंध उरलेला नाही असंही वाटायचं.

बाराव्या दिवशी दुपारी अम्मी एका नातेवाइकाला बघायला दवाखान्यात गेल्या होत्या. खाजामियाँ जेवायला वर आले. हात धुऊन त्यांनी रय्यानला उचललं. पाचव्या दिवशी, लातूरहून आल्या आल्या, उचललं होतं त्यानंतर आजच. दुकानातल्या धुळीचे हात म्हणून ते लांबच राहायचे. उचललं आणि तसेच उभे राहिले. पुन्हा एकदा हातातल्या हातात तोललं, जसं ते पिंजलेल्या कापसाचा ढीग तोलतात. चाळीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं. गिऱ्हाईक समोर उभं असताना रजई उचलून सांगायचे, तीन किलो दोनशे, आणि काट्यावर फार तर पन्नास ग्रॅमचा फरक निघायचा.

“बेटा,” ते म्हणाले, “हा हलका झालाय.”

“नाही अब्बा. पितो तो. पंचेचाळीस मिनिटं पितो. मी लिहिलंय.”

“लिहिलं असशील.” ते तिच्याकडं बघत नव्हते. “आला तेव्हा असा नव्हता. चल खाली, काट्यावर घेऊ. हात म्हातारे झालेत माझे, चुकतही असतील.”

ती टाके सांभाळत जिना उतरली. मागून हुस्ना सिदराला घेऊन. दुकानात कामाला दुसरं कुणी नव्हतं, यंत्र जेवणासाठी बंद होतं, आणि यंत्र बंद झाल्यावर त्या जागेत एक वेगळीच शांतता असते, कान भरून कापूस घातल्यासारखी. खाजामियाँनी वजनकाट्याच्या ताटलीवर नवा पिंजलेला कापूस पसरला, गार लागू नये म्हणून, त्यावर धुतलेली खोळ घातली, बटण दाबून आकडा शून्यावर आणला, मग रय्यानला ठेवलं. तो कापसात बुडाला. लाल आकडे धावले आणि थांबले. दोन किलो पाचशे वीस. लातूरहून निघाला तेव्हाच्या कागदावर दोन किलो आठशे होते, जन्मला तेव्हा दोन नऊशे. बारा दिवसांत बाळ जन्माच्या वजनाला परत यायला हवं, हे तिच्या वहीत तिच्याच अक्षरात होतं. तिला वाटलं, काटा चुकलाय. मग वाटलं, कापसाचं वजन वजा होताना काहीतरी घोटाळा झालाय. मग तिला काहीच वाटेनासं झालं. पायाखालची फरशी थरथरतेय असा भास झाला आणि यंत्र तर बंद होतं. तिनं त्याला उचललं, गालावर टिचकी मारली, तळवा खाजवला. त्यानं डोळे उघडले नाहीत. भुवई तेवढी हलली.

“हुस्ना,” ती म्हणाली. “पाज याला.”

हुस्ना हलली नाही. तिनं आधी जिन्याकडं बघितलं, मग सासऱ्यांकडं. खाजामियाँनी खुंटीवरची टोपी घेतली. “मी चहा पिऊन येतो,” ते म्हणाले, “मी काही बघितलेलं नाही,” आणि बाहेर जाऊन त्यांनी शटर अर्ध्यावर ओढून घेतलं.

“बघ बरं उजमा,” हुस्ना हळू आवाजात म्हणाली. “एकदा गेलं की परत घेता येत नाही. विचार कर.”

“कसला विचार करायचाय? मला नाही ते लग्नबिग्न मान्य. कधीच नव्हतं.”

“नव्हतं?”

तो एकच शब्द. नंतर कित्येक दिवस उजमाच्या कानात तो तसाच पडून राहिला. हुस्नानं सिदराला तिच्याकडं दिलं, एका लग्नासाठी शिवून ठेवलेल्या नव्या गादीवर बसली, आणि रय्यानला घेतलं. त्यानं तोंड उघडलं नाही. तिनं दाबून थेंब त्याच्या ओठांवर पाडले, दोन, तीन, ओठांच्या कोपऱ्यातून ओघळ गळ्याकडं गेला. ती त्याचा तळपाय चोळत राहिली, “उठ रे माझ्या राजा, एवढा काय रुसलास,” म्हणत राहिली. मग जीभ हलली. मग तो लागला. आणि मग उजमानं तो आवाज ऐकला, गटक, श्वास, गटक, श्वास, बारा दिवसांत जो तिनं एकदाही ऐकला नव्हता आणि जो ऐकू यायला हवा हे तिला कुठल्याही पानावर वाचल्याचं आठवत नव्हतं. असेलही लिहिलेलं. ती मिनिटं मोजत होती. सिदरा तिच्या कडेवर ओढणी चघळत होती. उजमाच्या छातीत एकदम सुया टोचल्यासारखं झालं, दोन्ही बाजूंनी, आणि कुर्ता पुढून ओला झाला. दुसरीच्या अंगावर पिणाऱ्या आपल्या लेकराकडं बघून तिला पान्हा फुटला होता. ती हसली की रडली तिला आठवत नाही. हुस्नानं वर बघितलं आणि म्हणाली, “बघ, आहे की. ठेवून घेतलं होतंस काय माझ्यापासून?”

संध्याकाळी बालरोगतज्ज्ञांकडं नेलं. ते रागावले नाहीत. ते रागावले असते तर उजमाला बरं वाटलं असतं. रक्त तपासलं, एक दिवस ठेवून घेतलं, म्हणाले, आईचं आधी, मग जे काय भरीला द्यायचं ते. काकूचं असो नाही तर डब्यातलं, पण उपाशी नको. रात्रंदिवस उठवून पाजायचं, दर दोन तासांनी. सिंधु सिस्टरना फोन केला तर त्या पलीकडून ओरडल्याच: “पाणी किती पितीस? दोन पेले? अगं बाई, दोन पेल्यात कोथिंबीर तरी उगवंल का? घरच्यांना दे फोन.” अम्मींनी फोन कानाला लावला, निमूटपणे ऐकून घेतलं, आणि त्या दिवसापासून उजमाच्या उशाशी भरलेला तांब्या ठेवू लागल्या. त्या वाईट बाई नाहीत. झालेलं त्यांना खाजामियाँनीच सांगितलं होतं, त्याच दुपारी त्या नातेवाइकाला बघून परत आल्यावर, खाली दुकानात. वर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पुसल्यासारखा होता. रय्यानला जवळ घेतलं, पापे घेतले. “जीव वाचला, तेच मोठं,” म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या. मग सिदराचं मनगट हातात घेऊन त्यांनी दोऱ्याची गाठ दातानं सोडवली, अंगठी काढली आणि आपल्या बटव्यात ठेवून दिली. हुस्ना शेजारीच पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं थांबवलं नाही.

पुढचे चोवीस दिवस रय्यान दोघींचं प्यायला. आधी उजमा, मग हुस्ना, मग पंप. दोघी एकाच पलंगावर, पाठीला पाठ टेकवून. हुस्ना चेष्टा करायची, “तुझ्या लेकाला माझी बाजू आवडते, बघ, नाक मुरडतो तुझ्याकडं.” उजमा तिला पाण्याचा पेला द्यायची. दूध वाढत गेलं, हळूहळू, कुठलाही नियम न पाळता; वही बंद झाली होती. लंगोट ओले व्हायला लागले. रय्यान रडायला लागला, चांगला, गल्ली जागी करील असा. काट्यावर तीन किलो चारशे भरलं तेव्हा खाजामियाँनी पेढे आणले. त्याच संध्याकाळी हुस्नाचा भाऊ तिला न्यायला आला. “थोडे दिवस राहून ये माहेरी,” अम्मी म्हणाल्या, “दमलीस.” आवाजात कडवटपणा नव्हता. पण उजमानं बघितलं की हुस्नाच्या कपाटातले सगळे कपडे पिशव्यांत भरलेत, उन्हाळ्याचेसुद्धा, आणि कुणी विचारलं नाही की थोड्या दिवसांना उन्हाळ्याचे कशाला. जिन्यात हुस्नानं रय्यानच्या डोक्याचा वास घेतला. “आता तुझं तुला पुरतंय,” ती म्हणाली. उजमाला तेव्हा कळलं. दुकानात, गादीवर बसायच्या आधी, हुस्ना म्हणाली होती परत घेता येत नाही, ते रय्यानबद्दल नव्हतं. एका घरात आपली आणि आपल्या लेकीची जी जागा होती, नवरा गेल्यावर एका दोऱ्यानं धरून ठेवलेली, ती जागा हुस्ना त्या दुपारी स्वतःच्या हातानं सोडत होती, आणि हे तिला पुरतं ठाऊक होतं. ठाऊक असून तिनं त्याचा तळपाय चोळला होता.

आता सगळे उजमाचं कौतुक करतात. बाया रय्यानच्या मांड्यांच्या वळ्या दाबून बघतात आणि विचारतात, “वरचं काही देतेस का गं?” ती म्हणते, नाही. ते खरं आहे. यासेरला ती म्हणते, हुस्नाच्या माहेरी, देगलूरला जाऊ. तो म्हणतो, रविवारी. रविवारी गाद्यांची डिलिव्हरी आता त्याच्याकडं असते. अम्मी म्हणतात, एवढ्याशा लेकराला एवढ्या थंडीत गाडीत घालतात का. तेही खरं आहे. एकदा ती रात्रीच्या जेवणाला सगळ्यांसमोर म्हणाली, “हुस्ना भाबींना कधी आणायचं?” आणि खाजामियाँ ताटात बघत राहिले, अम्मी म्हणाल्या, “तिचं घर आहे, येईल तेव्हा येईल,” आणि हुस्नाची खोली यासेरच्या एका मामांना सामान रचून ठेवायला दिल्याचं तिला दुसऱ्या दिवशी कळलं. ती फोन करते, रोज.

“जेवलीस?”

“हौ.”

“काय जेवलीस?”

“आता काय वहीत लिहिणार आहेस का?” हुस्ना हसते. मागं कुणीतरी बाई भांडी आपटते. “ठीक आहे गं सगळं. भाबी चांगल्या आहेत.” व्हिडिओ लाव म्हटलं की ती म्हणते, नेट नाही. मागं भांडी थांबली की तिचा आवाजही खाली येतो. परवा बोलता बोलता सिदरा रडायला लागली तर ती “ठेवते, ठेवते” म्हणाली, इतक्या घाईनं, जणू रडणं कुणाची तरी झोपमोड करणार आहे, आणि तेव्हा दुपारचे बारा वाजले होते.  ठीक आहे म्हणजे किती ठीक, हे उजमाला आता कुणाच्या सांगण्यावरून कळत नाही. तिला ते डोळ्यांनी बघायला हवं आहे, नाही तर कुणीतरी हातात घेऊन तोलून सांगायला हवं आहे.

म्हणून तिचं एवढंच म्हणणं आहे. तुमचं कुणी देगलूरला असेल, किंवा तुम्हीच बाजाराला, लग्नाला, कशाला तरी तिकडं जाणार असाल, तर बसस्टँडावरून धान्याच्या अडतींकडं जो रस्ता जातो त्यावर शिलाई मशीन दुरुस्तीचं एक दुकान आहे, त्याच्या मागचं घर. हुस्नाच्या भावाचं. बरोबर एखादी बाई असली तर बरं, म्हणजे आत जाता येईल. नांदेडच्या उजमानं पाठवलंय म्हणा. कशी आहेस असं विचारू नका, ती ठीक आहे म्हणेल. पाणी मागा, आणि ते घेऊन ती आली, की तिला म्हणा, बस जरा आमच्याजवळ; आणि बसायच्या आधी ती आत कुणाकडं बघते का, तेवढं बघून या.